मरुभूमीतील सायकलयात्रा

'वाळवंट' हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या मनःचक्षूंपुढे उंटांचा तांडा उभा राहतो. वाळूच्या टेकड्या, खजुराची विरळ झाडे, मस्तकावर तळपणारा सूर्य आणि मंद पावलांनी चाललेले उंट, असे ते चित्र असते. ह्या चित्रात सायकलीला कोठेही स्थान नसते. सायकल हे गावातील आळीचे, शाळेच्या वाटेचे, फार तर शेताच्या बांधाचे वाहन. तिची बारीक चाके वाळूत रुततील, तिचा स्वार उन्हाने कासावीस होईल, असेच कोणासही वाटेल. तथापि आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य टोकास असा एक देश आहे की, जेथे दरवर्षी शेकडो सायकलस्वार मोठ्या हौसेने मरुभूमीत उतरतात आणि तिच्यातून पार होऊन समुद्रकिनारा गाठतात. ह्या देशाचे नाव नामिबिया.

नामिबिया हा विस्ताराने मोठा, परंतु वस्तीने अत्यंत विरळ असा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वाआठ लक्ष चौरस किलोमीटर असून २०२३ सालच्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या तीस लक्षांहून किंचित अधिक भरली. म्हणजे एका चौरस किलोमीटरात सरासरीने चार माणसेही राहत नाहीत. १८८४ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ह्या भूमीवर जर्मनीचा अंमल होता. त्यानंतर ती दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात गेली. दीर्घ संघर्षानंतर २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. पश्चिमेस अटलांटिक महासागर, किनाऱ्यालगत नामिब नावाचे वाळवंट, त्याच्या पूर्वेस उंच पठार आणि पठारापलीकडे कालाहारीचा रेताड प्रदेश, अशी ह्या देशाची स्थूल रचना आहे. विंडहुक ही राजधानी पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर वसली आहे.

समुद्राच्या अगदी काठावर वाळवंट कसे, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात सहज उद्भवेल. त्याचे उत्तर समुद्रातच आहे. दक्षिण ध्रुवाकडील थंड पाणी घेऊन बेंग्वेला नावाचा सागरी प्रवाह ह्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे वाहतो. थंड पाण्यावरील हवा थंड होते; ती वर चढत नाही, आणि हवा वर चढल्यावाचून पावसाचे ढग बनत नाहीत. त्यामुळे किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. मात्र ह्याच थंड हवेमुळे दाट धुके उत्पन्न होते आणि ते कित्येक किलोमीटर आतपर्यंत पसरते. वर्षातील शंभराहून अधिक दिवस किनाऱ्यावरील प्रदेश धुक्याने झाकलेला असतो. देशाच्या अंतर्भागात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. ज्या नद्या बारमाही आहेत, त्या केवळ उत्तर व दक्षिण सीमांवर आहेत. कुईसेब, स्वाकोप ह्यांसारख्या नद्यांची पात्रे वर्षातील बहुतेक काळ कोरडीच असतात.

पाण्याच्या ह्या दुर्भिक्ष्याने तेथील सर्व जीवसृष्टीस काटकसरीचे शिक्षण दिले आहे. नामिब वाळवंटात एक जातीचा काळा भुंगेरा आढळतो. धुके पडले की तो पहाटेच्या थंडीत वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो आणि डोके खाली व पाठ वर करून वाऱ्यासमोर स्थिर उभा राहतो. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर साठतात, त्यांचे थेंब बनतात आणि ते ओघळत त्याच्या मुखापर्यंत येतात. ह्याप्रमाणे तो आपली तहान भागवितो. ह्याच प्रदेशातील वेल्विट्शिया ही वनस्पती तर जन्मभर दोनच पानांवर जगते. ती पाने बुडाशी वाढत राहतात आणि टोकाशी वाऱ्याने फाटून झिजतात. ह्या जातीची काही झाडे हजार वर्षांहूनही अधिक वयाची आहेत. मनुष्यानेही ह्या भूमीत हाच मार्ग स्वीकारला आहे. विंडहुक शहराने १९६८ साली वापरलेले सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची योजना सुरू केली. अशी योजना अमलात आणणारे ते जगातील पहिले शहर होय.

अशा ह्या देशात जी सायकल वापरतात, ती नेहमीच्या सायकलीहून थोडी निराळी असते. डोंगरवाटांसाठी बनविलेल्या ह्या सायकलीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही उत्साही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवरून उतरण्याच्या शर्यती लावीत. १९७६ साली तेथे ज्या शर्यती झाल्या, त्यांतून ह्या नव्या सायकलीची कल्पना पुढे आली. जुन्या सायकली अशा उतारावर टिकत नसत. म्हणून त्यांनी मजबूत सांगाडा, रुंद टायर, प्रभावी ब्रेक आणि चढावर उपयोगी पडणारे गिअर ह्यांची जोड देऊन नवी सायकल घडविली. वीस वर्षांत ह्या क्रीडाप्रकाराचा एवढा प्रसार झाला की, १९९६ सालच्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याचा समावेश करण्यात आला.

नामिबियातील रस्त्यांस अशीच सायकल हवी. तेथील बहुतांश रस्ते डांबरी नसून खडीचे व मुरमाचे आहेत. मोटारींच्या सततच्या वर्दळीने ह्या रस्त्यांचा पृष्ठभाग पन्हळी पत्र्यासारखा होतो. चाक एखाद्या लहानशा उंचवट्यावरून उडते, पुढे जाऊन आपटते आणि तेथील खडी मागेपुढे लोटते. पाठोपाठ येणारे प्रत्येक चाक तेथेच आपटून तो खड्डा अधिक खोल करते. अशा रस्त्यावरून सायकल चालविताना हातांची बोटे बधिर होतात आणि सायकलीचा प्रत्येक स्क्रू खिळखिळा होऊ पाहतो. जेथे वाळू साचलेली असते, तेथे चाक रुतते. अशा ठिकाणी अनुभवी स्वार टायरमधील हवा थोडी कमी करतो, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो आणि रुतत नाही. वाटेवरील बाभळीच्या जातीच्या झाडांचे काटे टायर भेदून जाण्याइतके तीक्ष्ण असतात. म्हणून पुष्कळ स्वार आत रबरी नळी नसलेले टायर वापरतात. त्यांत दुधासारखा एक चिकट द्रव भरलेला असतो. काटा रुतताच तो द्रव छिद्रात शिरून घट्ट होतो आणि पंक्चर आपोआप बुजते.

ह्या देशातील सायकलस्पर्धांमध्ये 'डेझर्ट डॅश' ही विशेष प्रसिद्ध आहे. २००५ साली तिचा आरंभ झाला. डिसेंबर महिन्यात भरणाऱ्या ह्या स्पर्धेत स्पर्धकांना पठारावरील विंडहुकपासून अटलांटिक महासागराच्या काठी असलेल्या स्वाकोपमुंड गावापर्यंत जावयाचे असते. हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि ते चोवीस तासांच्या आत काटावे लागते. काही स्पर्धक एकटेच सर्व अंतर तोडतात. काही दोघांच्या, तर काही चौघांच्या चमूत भाग घेऊन मार्गाचे टप्पे आपसांत वाटून घेतात. सोळाशे मीटर उंचीवरून समुद्राकडे जावयाचे, म्हणजे सर्व मार्ग उताराचाच असणार, असे एखाद्यास वाटेल. परंतु राजधानी सोडताच कुप्फरबर्गचा घाट लागतो आणि रस्ता विंडहुकहूनही उंच चढतो. पुढेही डोंगराळ प्रदेशातील चढउतार दीर्घकाळ स्वाराचा कस पाहत असतात. त्यानंतर पठाराची कड उतरून तो खडीच्या विस्तीर्ण मैदानावर येतो.

डिसेंबर हा महिना दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळ्याचा. स्पर्धेचा प्रारंभ दुपारी होत असल्यामुळे पहिले काही तास प्रखर उन्हात घालवावे लागतात. येथेच नवख्या स्वाराची मोठी फसगत होण्याचा संभव असतो. दमट हवेत श्रम केले की घाम अंगावरून निथळतो आणि आपण पाणी गमावीत आहो, हे मनुष्यास कळते. वाळवंटातील कोरड्या हवेत मात्र घाम येताक्षणीच वाळतो. कपडे कोरडे दिसतात, अंग कोरडे भासते, आणि तरीही तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी शरीरातून निघून जात असते. तहान लागेपर्यंत थांबणारा स्वार बहुधा उशीर करून बसलेला असतो. ह्याच्या उलट, भीतीपोटी केवळ पाणीच भरमसाट पिणाराही संकटात सापडतो. कारण घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, आणि मिठावाचून पाणी फार झाले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून डोके दुखू लागते, मळमळते, प्रसंगी शुद्धही हरपते. म्हणून जाणता स्वार थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे पाणी पितो, त्यासोबत मीठ व अन्न घेतो, आणि पुढचे पाणी कोठे व किती अंतरावर मिळणार ह्याचा हिशेब सतत मनाशी ठेवतो.

जी गोष्ट पाण्याची, तीच बळाची. सुरुवातीस अंगात उत्साह असतो, सोबत्यांची चढाओढ चाललेली असते आणि पायडलावरचा पाय आवरत नाही. परंतु जो पहिल्या घाटातच आपली शक्ती खर्चून टाकतो, त्याला पहाटेच्या मैदानात ती कोठून मिळणार? ह्या स्पर्धेत आरंभी मागे पडलेले पुष्कळ स्वार पुढील टप्प्यांत इतरांना गाठतात, ह्याचे इंगित हेच आहे. वाळवंट बलवानाला अडवीत नाही. ते अविचाराने वागणाऱ्याला अडविते.

सूर्य मावळला की दृश्य पालटते. कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची उष्णता रोखून धरणारे काही नसते. त्यामुळे दिवसा तापलेली भूमी रात्री झपाट्याने निवते. सायकलीच्या दिव्याचा लहानसा पट्टा तेवढा समोर पडलेला असतो. बाकी सर्वत्र काळोख आणि वर तारकांनी भरलेले आकाश. मागेपुढे दूरवर इतर स्वारांचे दिवे एखाद्या माळेप्रमाणे दिसतात. ठरावीक अंतरावरील थांब्यांवर साहाय्यकांच्या मोटारी उभ्या असतात. तेथे गरम पेय मिळते, दिव्याची बॅटरी बदलली जाते, साखळीला तेल दिले जाते, थकलेला स्वार उतरतो आणि त्याच्या चमूतील ताजा स्वार पुढे निघतो. किनारा जवळ येऊ लागला की समुद्राकडून थंड वारा सुटतो आणि तो बहुधा समोरूनच झोंबतो. मग धुके येते. काही तासांपूर्वी उन्हाने होरपळलेला स्वार आता ओल्या कपड्यांनी कुडकुडत असतो. भुंगेऱ्याला जीवन देणारे तेच धुके स्वाराच्या चष्म्यावर साचते आणि त्याला वाट दिसेनाशी करते. अखेर डोंगरांच्या झिजलेल्या, रूक्ष रांगांमधून पुढे जात असता समुद्राची गाज कानी येते आणि स्वाकोपमुंड दृष्टिपथात येते.

स्पर्धा संपल्यावर नाव अर्थातच स्वाराचे होते. पण हे यश एकट्याचे नसते. रात्रभर जागून थांब्यावर चहा उकळणारा, काळोखात गाडी हाकणारा, टायरला ठिगळ लावणारा, 'अजून एवढाच टप्पा राहिला' असे सांगून धीर देणारा, अशा अनेकांचे हात त्यामागे असतात. सहकार्याचे हे तत्त्व दक्षिण आफ्रिकेतील 'केप एपिक' ह्या प्रख्यात स्पर्धेच्या नियमांतच गोविले आहे. अनेक दिवस चालणाऱ्या ह्या स्पर्धेत स्वारांना जोडीने भाग घ्यावा लागतो आणि जोडीतील दोघांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडले तर त्यांना दंड होतो. वेगवान सोबत्याने मंद सोबत्यासाठी थांबलेच पाहिजे. २००४ साली ही स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा विजयी जोडीत जर्मनीच्या कार्ल प्लॅटसमवेत नामिबियाचे मॅनी हेमन्स होते. पुढे २०२३ साली नामिबियाच्या व्हेरा लूझर ह्यांनी मॉरिशसच्या किम्बर्ली ले कोर्ट ह्यांच्यासह ह्याच स्पर्धेत महिलांचे विजेतेपद मिळविले. विरळ वस्तीच्या ह्या लहानशा राष्ट्रातील स्वारांनी मिळविलेले हे यश कौतुकास पात्र होय.

सर्वांनाच स्पर्धेची ओढ असते असे नाही. कित्येक प्रवासी चमू करून केवळ देश पाहण्यासाठी सायकलीवरून निघतात. कोणी मैदानातून एकाएकी उभ्या ठाकलेल्या स्पिट्सकोपच्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांकडे जातात; कोणी दामारालँड भागातील लालसर डोंगरांतून फिरत ट्वायफेलफाँटेन येथे दगडांवर कोरलेली प्राचीन चित्रे पाहतात. युनेस्कोने २००७ साली ह्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. दक्षिण सीमेवर नामिबिया व दक्षिण आफ्रिका ह्या दोन राष्ट्रांनी २००३ साली एकत्र जोडलेले संरक्षित उद्यान आहे. त्या भागातही प्रवासी सायकलीवरून फिरतात आणि सीमेवरील ऑरेंज नदीत होडी वल्हवीत काही अंतर जातात.

मोटारीतून जाणाऱ्याला वाळवंट रिकामे भासते. काचेआडून दिसणारे मैदान त्याला कंटाळवाणे वाटते आणि ते केव्हा संपेल ह्याकडे त्याचे लक्ष असते. सायकलस्वाराचा वेग मात्र असा असतो की, दिवसभरात पुरेसे अंतरही कापले जाते आणि वाटेवरील वस्तूही नजरेतून निसटत नाहीत. वाळूवर उमटलेली सरड्याची पावले, कोरड्या नदीपात्रातील झाडांच्या सावलीत विसावलेले हरिणांचे कळप, खडकांचे पालटणारे रंग, वाऱ्याबरोबर येणारा समुद्राचा वास, हे सर्व त्याला जाणवते. दामारालँडच्या नदीपात्रांतून वाळवंटी हत्तींचे कळप पाण्याच्या शोधात हिंडतात. अशा ठिकाणी हत्ती दूरवर दिसताच स्वारांनी निमूटपणे थांबावयाचे आणि त्यांना वाट मोकळी करून द्यावयाची, असा दंडक आहे. ती वाट मूळची त्यांची आहे.

ह्यातूनच एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. जे वाळवंट पाहण्यासाठी लोक येतात, त्याला त्यांच्या येण्याने इजा तर पोहोचत नाही ना? नामिबच्या वाळूवर उमटलेले ठसे वाऱ्याने बुजतात, ही गोष्ट खरी. परंतु खडीच्या मैदानांची गोष्ट निराळी आहे. त्या मैदानांवर बारीक खड्यांचा एक पातळ थर पसरलेला असतो आणि तो खालच्या मातीचे वाऱ्यापासून रक्षण करतो. एकदा एखाद्या गाडीचे चाक त्यावरून गेले की तो थर मोडतो. पाऊस पडत नसल्यामुळे ती जखम भरून निघत नाही. वाट चुकलेल्या वा हौसेखातर आडरानात शिरलेल्या एखाद्या गाडीच्या खुणा तेथे कित्येक दशके तशाच राहतात. किनाऱ्याजवळील काही मैदानांवर तर दगडांना चिकटून शैवाकांची विस्तीर्ण शेते पसरली आहेत. आपल्या स्वयंपाकघरातील मसाल्यात जे दगडफूल घालतात, त्याच वर्गातील हे सजीव होत. धुक्याच्या ओलाव्यावर ते अतिशय सावकाश वाढतात. उन्हात ते कोरडे, निर्जीव पापुद्र्यांसारखे दिसतात. त्यावरून चाक नेणाऱ्याला आपण काही चिरडले, ह्याची जाणीवही होत नाही. मोटारीच्या मानाने सायकल हलकी खरी, पण शैवाकांना तिचेही चाक घातकच.

म्हणून तेथील मार्गदर्शक प्रवाशांना पहिला नियम सांगतात, तो असा: आखलेली वाट सोडू नका. जेथे एक चाकोरी पडलेली आहे, तेथे सर्वांनी तीच चाकोरी धरावी. शेजारी दुसरी पाडू नये. आपला केरकचरा आपल्यासोबत परत आणावा. नामिबियाच्या राज्यघटनेत निसर्गाच्या व जीवविविधतेच्या रक्षणाचे धोरण स्पष्टपणे नमूद केले आहे. पुढे १९९६ साली एक कायदा होऊन ग्रामीण समाजांना आपल्या परिसरातील वन्य पशूंविषयी अधिकार प्राप्त झाले. गावकरी एकत्र येऊन संरक्षित क्षेत्र स्थापतात, पशूंचे रक्षण करतात आणि तेथे येणाऱ्या प्रवाशांपासून मिळणारे उत्पन्न गावाच्या उपयोगी आणतात. अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे देशात निर्माण झाली. त्यामुळे जिवंत हत्ती आणि न मोडलेली वाट ह्यांचे मोल गावकऱ्यांना रोजच्या व्यवहारात दिसू लागले.

सायकलीचे आणखी एक रूप ह्या देशात पाहावयास मिळाले, आणि ते स्पर्धेतील रूपाहूनही मोलाचे आहे. वस्ती विरळ असल्यामुळे खेड्यांतील लोकांना दवाखाना, शाळा, पाणवठा, सर्वच दूर. मोटार घेण्याची ऐपत थोड्यांची. ह्या लोकांना सायकल मिळवून देण्यासाठी २००५ साली, म्हणजे ज्या वर्षी डेझर्ट डॅश सुरू झाली त्याच वर्षी, 'बायसिकल एम्पॉवरमेंट नेटवर्क नामिबिया' ही संस्था स्थापन झाली. परदेशांतील लोकांनी वापरून दिलेल्या सायकली मोठ्या लोखंडी पेट्यांत भरून जहाजाने आणल्या जात. पेटी गावात पोहोचली की तिच्यातील सायकली बाहेर काढून त्या पेटीचेच सायकल-दुरुस्तीचे दुकान बनवीत. गावातील स्त्रीपुरुषांना चाक सरळ करणे, आरे बसविणे, ब्रेक जुळविणे इत्यादी कामे शिकवून ते दुकान त्यांच्या हाती सोपविले जाई. घरोघर फिरून रुग्णांची विचारपूस करणाऱ्या स्वयंसेवकांना सायकली मिळाल्या, तेव्हा पायी चालण्यात जाणारा त्यांचा पुष्कळ वेळ वाचला.

ह्याच संस्थेने सायकलीमागे जोडावयाच्या रुग्णगाड्याही तयार केल्या. दोन चाकांवर एक लांब खाट बसवून ती सायकलीच्या मागे जोडली की झाली रुग्णगाडी. वेणा सुरू झालेली स्त्री असो, तापाने फणफणलेले मूल असो, अथवा हाड मोडलेला गुराखी असो, त्यास निजवून दवाखान्यात नेता येते. पूर्वी अशा रुग्णास पाठीवर घेऊन, ढकलगाडीत घालून किंवा बैलांच्या गाडीतून न्यावे लागे. ही गाडी ओढणाऱ्यापुढे चोवीस तासांची मुदत नसते आणि शेवटी टाळ्या वाजविणारी गर्दीही नसते. पण खडबडीत वाट तीच, ऊन तेच, आणि पाण्याचा व बळाचा हिशेबही तोच. मात्र येथे तो हिशेब चुकला तर केवळ एक शर्यत हरत नाही.

अशा रीतीने ह्या मरुभूमीत सायकल नाना रूपांनी वावरते. स्पर्धक तिच्यावर बसून आपल्या सामर्थ्याची मर्यादा ओळखतो; प्रवासी तिच्या मंद गतीमुळे रिकाम्या वाटणाऱ्या प्रदेशातील जीवन पाहतो; आणि गावकरी तिच्या साहाय्याने आपल्या माणसाचे प्राण वाचवितो. तिघांनाही ही भूमी एकच गोष्ट शिकविते. पाणी मोजून प्यावे, बळ मोजून खर्चावे आणि ज्या भूमीवरून जावयाचे तिच्यावर आपली खूण शक्य तितकी थोडी ठेवावी. दोन पानांवर हजार वर्षे जगणारी वेल्विट्शिया हा धडा फार पूर्वीच शिकली आहे. मनुष्याला तो शिकावयाचा असेल, तर त्याने आखलेल्या वाटेने, पुरेसे पाणी आणि एक सोबती घेऊन, सायकलीवरून त्या मैदानात जावे.

स्वाध्याय

१. समुद्रकाठी असूनही नामिबियाच्या किनाऱ्यावर पाऊस का पडत नाही, ते थोडक्यात लिहा.

२. कारणे द्या : (अ) वाळवंटात घाम येत असल्याचे स्वारास कळत नाही. (आ) खडीच्या मैदानावरील चाकोऱ्या कित्येक वर्षे टिकतात. (इ) केप एपिक स्पर्धेत वेगवान स्वारास सोबत्यासाठी थांबावे लागते.

३. 'वाळवंट बलवानाला अडवीत नाही; ते अविचाराने वागणाऱ्याला अडविते,' ह्या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

४. स्पर्धेतील सायकलस्वार आणि रुग्णगाडी ओढणारा गावकरी ह्यांच्या प्रवासांतील साम्य व भेद सांगा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : दुर्भिक्ष्य, इंगित, दंडक, कस पाहणे, दृष्टिपथात येणे.

६. आपल्या गावात सायकलीचा कोणकोणत्या कामांसाठी उपयोग होतो, ह्याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.